दोनशेच्या ऑर्डरमध्ये तीस प्रकार: रोबो घ्यायच्या आधी सेटिंगचा टाइम मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भोसरीला तुमचं शीट मेटलचं युनिट आहे, कंट्रोल पॅनलचे बॉक्स बनवता, ३२ माणसं आहेत. आठ-दहा वर्षांपूर्वी एकेक कस्टमर एकाच साइजच्या दोन-दोन हजार बॉक्सची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) द्यायचा, आता तोच कस्टमर दोनशे बॉक्स मागतो आणि त्यात तीस प्रकार, कुठे खिडकीवालं दार, कुठे वेगळा कटआउट, कुठे वेगळा रंग, आणि रेट मात्र जुनाच धरून बसतो. मुलगा इंजिनिअर होऊन धंद्यात आलाय, तो म्हणतोय कर्ज काढू आणि रोबो वेल्डिंग सेल (रोबोने वेल्डिंग करायचं युनिट) टाकू, सोबत नवीन सॉफ्टवेअर घेऊ. तुम्ही विचारलंय की मास प्रॉडक्शनचे दिवस संपले का, आणि आपल्यासारख्या लहान माणसाने ह्या मास कस्टमायझेशनच्या, म्हणजे घाऊकच्या रेटमध्ये प्रत्येकाला हवा तसा माल द्यायच्या, मागे लागावं का.

मी २७ वर्षं ह्याच कामात आहे. आधी चिंचवडला प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे), मग वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरच्या जुडग्यांच्या) प्लांटला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये, आणि आता नऊ वर्षं झाली तुमच्यासारख्याच युनिटमध्ये जाऊन लाइन बसवून देतो. उत्तर लांब होईल, पण कर्जाचा विषय आहे म्हणून घाईत चार ओळी लिहून सोडवत नाही.

मास प्रॉडक्शन संपलेलं नाही. मिसळीच्या हॉटेलात बघा, उसळ एका मोठ्या पातेल्यात, कट दुसऱ्या पातेल्यात, फरसाण पोत्याने आलेलं, हे सगळं घाऊक. पण तुमच्यासमोर येणारी प्लेट तुमची असते, कमी तिखट, कांदा वेगळा, तर्री वरून, दही घालून. आणि ती दोन मिनिटांत येते. आता त्याच हॉटेलवाल्याने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मटकी वेगळी शिजवायला घेतली तर काय होईल? तुमच्या शेडमध्ये आत्ता नेमकं तेच चाललंय असं मला तुमच्या वर्णनावरून दिसतंय. प्रत्येक बॉक्स तुम्ही शीटपासून वेगळा बनवताय. शिंपी पण प्रत्येकाच्या मापाचं शिवतो, पण त्याला कोणी मास कस्टमायझेशन म्हणत नाही कारण तिथे दहा शर्टांना दहापट वेळ लागतो. घाऊकचा रेट आणि मापाचा माल ही दोन्ही एकत्र जमवायची असतील तर वेगळेपण कुठल्या स्टेजला लावायचं आणि एका प्रकारावरून दुसऱ्या प्रकारावर जायला किती मिनिटं लागतात, म्हणजे सेटिंगचा टाइम, ह्या दोन गोष्टी आधी हातात यायला पाहिजेत, मशीन नंतर.

थोडा इतिहास सांगतो, कारण तुमची अडचण शंभर वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्याला आलेली आहे. फोर्डने १९१३ साली हायलँड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन टाकली आणि मॉडेल टी च्या चॅसिसची जोडणी साडेबारा तासांवरून साधारण दीड तासावर आणली. १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघालेली गाडी १९२० च्या दशकात ३०० डॉलरच्या खाली आली, दीड कोटी गाड्या निघाल्या, आणि मधली बरीच वर्षं रंग फक्त काळा. पण ती सगळी मशीनं त्या एकाच गाडीसाठी बनवलेली होती, जिग (पार्ट जागेवर धरायची साधनं) त्याच गाडीचे, मांडणी त्याच गाडीची. तोपर्यंत जनरल मोटर्सने प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक कामाला वेगळी गाडी असं धोरण धरलं होतं, रंग दिले, दरवर्षी मॉडेल बदललं, आणि गिऱ्हाईक तिकडे सरकलं. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल ए वर जावं लागलं तेव्हा कारखाना कित्येक महिने बंद ठेवावा लागला. म्हणजे बघा, एक पीस बनवायला जगात सगळ्यात कमी वेळ लागणारा कारखाना, पण एका मॉडेलवरून दुसऱ्यावर जायला अर्ध्या वर्षाच्या आसपास. मी नवीन पोरांना ट्रेनिंग देताना हे उदाहरण नेहमी देतो, कारण आपण सगळे पर पीस सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) तोंडपाठ सांगतो आणि बदलायला लागणारा वेळ कोणी विचारला की अंदाजे सांगतो.

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा आली. आकुर्डीच्या बजाज चेतक स्कूटरसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, लायसन्स राज होतं, किती बनवायच्या ते सरकार ठरवायचं, तेव्हा रंग आवडला नाही म्हणून कोण परत करणार होतं. १९९१ नंतर ते बदललं आणि ते बदल हळूहळू गाडीवाल्यांकडून टियर वन कडे (त्यांना थेट माल देणारे), त्यांच्याकडून टियर टू कडे (टियर वनला माल देणारे), आणि आता तुमच्या शेडच्या दारात आलेत. तुमचा कस्टमर मुद्दाम त्रास देत नाहीये, त्याचाही कस्टमर त्याला तसंच मागतोय, कुणाचा पंप वेगळा, कुणाचा ड्राइव्ह वेगळा, आणि एक्स्ट्रा माल गोडाऊनला ठेवायला आता कुणीच तयार नाही.

आता सेटिंगवर येतो, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाचे इंजिनिअर होते. १९५० मध्ये हिरोशिमाला तोयो कोग्यो कंपनीत, म्हणजे आजची माझदा, त्यांनी मोठ्या प्रेसची डाय (पार्टचा साचा) बदलताना बघितली, तर एक बोल्ट सापडत नव्हता म्हणून माणूस तासाच्या वर शोधत फिरत होता आणि तोवर प्रेस उभा. त्यातून त्यांनी एक साधी विभागणी केली, मशीन बंद असतानाच करता येतील अशी कामं कुठली, आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येतील अशी कुठली. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनाच्या प्रेसला डाय बदलायला चार तास लागायचे, तो वेळ आधी दीड तासावर आला आणि नंतर मॅनेजमेंटने सांगितलं की तीन मिनिटांत करा, आणि काही महिन्यांत तो तीन मिनिटांवर आला. त्या तीन मिनिटांमुळे टोयोटाला एका प्रेसवर वेगवेगळे पार्ट छोट्या लॉटमध्ये काढता यायला लागले, मोठा साठा न करता. पुढे गाड्यांचे इतके प्रकार एकाच लाइनवर काढता आले त्याचं मूळ तिथे आहे असं माझं ठाम मत आहे. काँप्युटर वगैरे नंतर आले.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. चिंचवडच्या त्या प्रेस शॉपमध्ये २५० टनाचा प्रेस होता, डाय बदलायला सरासरी दोन तास चाळीस मिनिटं. सगळे म्हणायचे डाय जड आहे, वेळ लागणारच. आम्ही एका सेटिंगचं पूर्ण व्हिडिओ शूटिंग केलं आणि सेटर लोकांसोबतच बसून बघितलं, साहेबांसोबत नाही, सेटरसोबत, कारण त्यांनाच माहीत असतं काय अडतं. तर त्यात चाळीस मिनिटं फोर्कलिफ्टची वाट बघण्यात गेलेली. बोल्ट पाच वेगवेगळ्या लांबीचे त्यामुळे पाने बदलत बसायचं. प्रत्येक डायची शट हाइट (डाय बंद असतानाची उंची) वेगळी म्हणून रॅम वरखाली करून शिम (पातळ पट्ट्या) टाकत टाकत जमवायचं, ह्याला अर्धा तास. आणि फर्स्ट पीस झाल्यावर तो तपासणारा क्यूसीचा माणूस जेवायला गेलेला, पंचवीस मिनिटं नुसता प्रेस उभा. प्रत्यक्ष डाय काढून डाय बसवणं हे काम वीस-बावीस मिनिटांचं होतं. आम्ही काय केलं, सगळ्या डायच्या खाली पॅकिंग प्लेट वेल्ड करून शट हाइट एक केली, क्लॅम्पिंगची जाडी एक केली म्हणजे बोल्ट एकच लागला, पुढची डाय आधीच ट्रॉलीवर प्रेसच्या बाजूला आणून ठेवायची असा नियम केला आणि क्यूसीला अर्धा तास आधी सांगायचं. पाच महिन्यांनी तोच बदल १८ मिनिटांवर आला. खर्च म्हणजे एमएस प्लेट आणि दोन ट्रॉल्या.

ह्याचा लॉट साइजशी, म्हणजे एका वेळी किती पीस काढायचे त्याच्याशी, काय संबंध ते आकड्यात दाखवतो. ज्या वर्षी फोर्डची लाइन चालू झाली त्याच १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एक सूत्र मांडलं, नावातला फोर्ड हा योगायोग. एका वेळी किती पीस काढावेत? वर्षाची मागणी गुणिले एका सेटिंगचा खर्च गुणिले दोन, भागिले एक पीस वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि ह्या सगळ्याचं वर्गमूळ. समजा वर्षाला १०,००० पीस लागतात, एका सेटिंगला मशीनचा उभा वेळ, माणसं आणि सुरुवातीचे खराब पीस धरून २,००० रुपये जातात, आणि एक पीस वर्षभर ठेवायला व्याज-जागा-गंज मिळून १० रुपये. उत्तर येतं २,००० पीस. म्हणजे तुमचा जुना कस्टमर दोन हजारची ऑर्डर द्यायचा तेव्हा तुम्हाला परवडायचं ते ह्याच्यामुळे. आता सेटिंगचा खर्च ५०० वर आणा, लॉट १,००० चा परवडतो. १२५ रुपयांवर आणा, ५०० चा. वर्गमूळ असल्यामुळे लॉट निम्मा करायचा तर सेटिंगचा खर्च पाव करावा लागतो, थोडंफार सुधारून काही होत नाही. दोनशेच्या ऑर्डरमध्ये तीस प्रकार म्हणजे प्रकाराला सहा-सात पीस, एवढं नुसत्या पानेबदलाने जमणार नाही, तिथे डिझाइनलाच हात घालावा लागतो. बरेच जण सेटिंग कमी करून थांबतात आणि मग म्हणतात की हे आपल्याकडे चालत नाही.

म्हणून आता तुमच्या बॉक्सकडे वळू. समजा पाच उंची, चार रुंदी, तीन खोली, दोन जाडी, सहा रंग आणि दाराचे चार प्रकार. गुणाकार केला तर २,८८० बॉक्स होतात. तुमच्या अकाउंटवाल्याने प्रत्येकाला वेगळा आयटम कोड दिला असेल तर तुमचं स्टोअर आत्ताच गुदमरलेलं असणार. पण ब्लँक, म्हणजे बेंड करायच्या आधीचे कापलेले सपाट पत्रे, मोजा. दार आणि पाठ उंची-रुंदीवर अवलंबून, प्रत्येकी २०. बाजू उंची-खोलीवर, १५. वरचा-खालचा भाग रुंदी-खोलीवर, १२. बेरीज ६७, दोन जाड्या धरून १३४. दाराचे चार प्रकार हे त्याच दाराच्या ब्लँकवर लेझरचा वेगळा प्रोग्राम, रंग शेवटी. म्हणजे २,८८० च्या मागे १३४ ब्लँक आहेत, आणि तुमची मागच्या दोन वर्षांची विक्री काढून बघाल तर बहुतेक माल त्यातल्या थोड्याच साइजमध्ये निघेल, हे मी जवळपास प्रत्येक युनिटमध्ये बघितलंय.

आता महत्त्वाचं, वेगळेपण बॉडीवर येऊ देऊ नका. बॉडी म्हणजे वेल्डिंग, ग्राइंडिंग, सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम. कस्टमरचे कटआउट दारावर आणि खालच्या ग्लँड प्लेटवर (केबल आत घ्यायची प्लेट) ढकला, माउंटिंग प्लेटला (आतले पार्ट बसवायची प्लेट) त्याला पाहिजे तशी भोकं द्या, पण बॉडी सगळ्यांना तीच. कोणी बाजूच्या पत्र्यावर फॅनचं भोक मागितलं तर आधी त्याच्याशी बोला, दारावर चालेल का विचारा, बऱ्याचदा चालतं, त्यांच्या ड्रॉइंगवाल्याने फक्त जुनं ड्रॉइंग कॉपी केलेलं असतं. मग चालणाऱ्या साइजच्या बॉडी तुम्ही मोठ्या लॉटमध्ये बनवून ठेवू शकता. पण कच्च्या ठेवू नका, सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा पत्रा) आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात चार दिवसांत गंज धरतो. सेव्हन टँकमधून (रंगाआधी पत्रा साफ करायच्या सात टाक्या) काढून ७०३५ शेडमध्ये (फिका राखाडी) पावडर कोट करूनच रॅकवर ठेवा. दार मात्र सपाट ब्लँकच्या रूपात थांबवा, ऑर्डर आली की लेझरवर कटआउट, मग बेंड, मग रंग, कारण रंगवलेल्या दाराला नंतर भोक पाडलं तर ती कड उघडी पडते आणि तिथूनच गंज सुरू होतो. एका युनिटने हा क्रम उलटा केला होता, दारं रंगवून ठेवली आणि ऑर्डरप्रमाणे कापली, सहा महिन्यांत साइटवरून तक्रारी आल्या आणि सगळी दारं बदलून द्यावी लागली. मी तेव्हा तिथे नव्याने गेलो होतो, ती दारांची थप्पी अजून डोळ्यासमोर आहे.

हेच तत्त्व तुम्ही रोज बघता. रंगाच्या दुकानात पूर्वी प्रत्येक शेडचा लिटर, चार लिटर, वीस लिटरचा डबा ठेवावा लागायचा, पाहिजे ती शेड नसायची आणि नको त्या शेडवर धूळ बसायची. आता दुकानदार मोजक्या बेसचे डबे ठेवतो, टिंटिंग मशीनमध्ये डझन-दीड डझन रंगद्रव्यं, आणि शेड कार्डावरच्या हजारावर शेडमधली कुठलीही पाच मिनिटांत समोर मिसळून देतो. कारखान्यात मास प्रॉडक्शन, दुकानात कस्टमायझेशन. बेनेटनने लोकरीच्या कपड्यांत हे आधीच केलेलं, स्वेटर आधी न रंगवता विणून ठेवायचे आणि सीझनला कुठला रंग चालतोय ते बघून मग रंगवायचे. एचपीने प्रिंटरमध्ये केलं, प्रिंटर सगळ्या देशांना एकच, त्या त्या देशाचा पॉवर सप्लाय आणि मॅन्युअल तिकडच्या गोडाऊनमध्ये डब्यात घालायचं.

रंगावरून तुमच्या पावडर कोटिंगकडे येतो कारण माझा अंदाज आहे की तुमचा सगळ्यात मोठा गळका पाइप तिथे आहे. प्रेस ब्रेकवर (पत्रा बेंड करायचं मशीन) टूल बदलायला दहा मिनिटं जातात ते सगळ्यांना दिसतं, पण रंग बदलताना बूथ, गन, होस, सायक्लोन (उडालेली पावडर गोळा करणारा भाग) साफ करायला अर्धा-पाऊण तास जातो ते कोणी धरत नाही कारण त्या वेळात माणसं कामात दिसतात. सहा रंग दिवसात फिरवले तर अर्धी शिफ्ट साफसफाईत गेली. तुम्ही रंगांना वार लावा. ७०३५ आणि ७०३२ रोज, बाकीचे रंग आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, आणि एका दिवसात फिक्याकडून गडदकडे जायचं, उलट नाही, म्हणजे सफाई कमी लागते. पाच-सहा पीसचा अगदी वेगळा रंग असेल तर पावडर परत गोळा करायच्या भानगडीत पडू नका, उडालेली सोडून द्या, पावडरच्या किमतीपेक्षा सायक्लोन साफ करायचा वेळ महाग पडतो. किंवा सरळ बाहेर जॉब वर्कला द्या. आणि कस्टमरला विचारून बघा, बॉडी ७०३५ आणि फक्त दार तुमच्या रंगात चालेल का. काही जण हो म्हणतात, आणि जे हो म्हणतात त्यांचा माल चार दिवस आधी निघतो.

प्रेस ब्रेकसाठी एकच सांगतो, सगळ्या बॉक्सना आतली रेडियस एक ठेवा आणि फ्लँजची रुंदी एक ठेवा. व्ही डाय (ज्यात पत्रा दाबून बेंड होतो तो खालचा साचा) बदलायचीच गरज पडली नाही तर सेटिंग जवळपास शून्य. लेझरला तर नेस्टिंगमध्ये (भाग जुळवून मांडताना) एकाच १२५० बाय २५०० मिमीच्या शीटवर पाच ऑर्डरचे भाग बसतात, फक्त प्रत्येक भागावर ऑर्डर नंबर मार्क करून घ्या नाहीतर बेंडिंगला ढिगातून शोधत बसाल.

आता रोबोबद्दल, आणि त्यासाठी दुसऱ्यांनी काय केलं ते बघू. जपानमध्ये मात्सुशिता, म्हणजे पॅनासॉनिकवाले, त्यांच्या सायकल कंपनीने १९८७ मध्ये मापाची सायकल चालू केली. दुकानात तुमचं माप घ्यायचे, मॉडेल-रंग-हँडल निवडायचं, ते सगळं फॅक्सने कारखान्यात, आणि दोन आठवड्यांत सायकल. सगळे पर्याय गुणले तर एक कोटी दहा लाखांच्या वर प्रकार होत होते. पण गंमत त्या कोटीत नाही, दुकानापासून ऑर्डर अचूक मापात, ठरलेल्या फॉर्मवर यायची आणि कारखान्यात पोचली की तिला बारकोड लागायचा, ह्यात आहे. तिथे रंगाचं आणि वेल्डिंगचं बरंच काम कसलेले कारागीर हातानेच करायचे. दुसरीकडे आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला रोबोवाले बुटांचे कारखाने टाकले, खूप नाव झालं, आणि २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोन्ही बंद करून ते तंत्र आशियातल्या सप्लायरकडे नेतोय. लिव्हाइजने १९९४ च्या सुमारास बायकांच्या मापाची जीन्स काढली, दुकानात चार मापं घ्यायची आणि तीन आठवड्यांत पँट, ते पण २००३ मध्ये बंद झालं. ह्या कंपन्यांकडे पैशाची आणि डोक्याची कमी नव्हती. माझं वाचन असं आहे की ज्यांनी वेगळेपण मोजक्या जागी बांधलं ते टिकले. कानातल्या हिअरिंग एडचं कवच बघा किंवा दाताचे पारदर्शक अलायनर, तिथे प्रत्येक पीस वेगळा आहे, थ्रीडी प्रिंटिंगवर चालतं आणि छान चालतं, कारण कान आणि दात खरोखरच प्रत्येकाचे वेगळे असतात आणि माणूस त्यासाठी जास्त पैसे देतो. तुमच्या बॉक्सला ते लागू नाही.

हार्नेसच्या प्लांटमधलं सांगतो कारण तिथे मी जे बघितलं ते ह्या विषयातलं टोक आहे. युरोपातल्या मोठ्या गाड्यांना ज्या गाडीला जे ऑप्शन बुक झाले तेवढ्याच वायरचा, त्या एका गाडीपुरता हार्नेस बनतो, आणि गाड्या लाइनवर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने तो पोचवावा लागतो. वायर कापणं आणि टर्मिनल क्रिम्प करणं मशीनवर धडाधड, घाऊक. पण बोर्डवर वायर अंथरून, कनेक्टर भरून, टेप गुंडाळायचं काम अजूनही माणसाच्या हाताने होतं, आज सुद्धा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधले हार्नेसचे प्लांट युद्धामुळे बंद पडले तर फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या जर्मनीतल्या लाइन थांबल्या, कारण असा माल स्टॉकमध्ये ठेवताच येत नाही आणि दुसरीकडे पटकन हलवताही येत नाही, त्याला शिकलेली माणसं लागतात. आमच्या प्लांटमध्ये जास्तीत जास्त चुका कुठे व्हायच्या माहिती आहे? वायरिंगमध्ये नाही, कुठल्या गाडीला काय ह्या कागदात. जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग बोर्डवर लटकलेलं, बस. म्हणून तुमच्या मुलाला सॉफ्टवेअरचा जो आग्रह आहे त्यातला अर्धा भाग मला पटतो. फक्त ईआरपीचं (सगळा धंदा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) मोठं पॅकेज आत्ता नको, आधी ऑर्डर घ्यायचा एक फॉर्म करा, ज्यात उंची-रुंदी-खोली-जाडी-दार-रंग-कटआउट ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन हे सगळं ड्रॉपडाउनमधून निवडायचं, लिहायचं नाही. एक्सेलमध्ये पण होतं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे ऑर्डर हे बंद करा, मालकाचा जुना दोस्त असला तरी.

आणि ह्याच फॉर्मवरून रेट ठरू द्या. तुमची जी तक्रार आहे की कस्टमर जुनाच रेट धरतो, त्याला कारण तुम्ही त्याला अजून पर पीस रेट देताय. तीन भाग करा. यादीतली साइज आणि यादीतला रंग, दारावर कटआउट: ठरलेला रेट, सात दिवसांत. यादीतली साइज पण वेगळा रंग: थोडा जास्त, आणि त्या रंगाच्या वाराप्रमाणे तारीख. यादीबाहेरची साइज किंवा बॉडीवर कटआउट: प्रोग्रामिंगचा आणि सेटिंगचा चार्ज वेगळ्या ओळीत, मग एक पीस असो की वीस. कोटेशनमध्ये ती ओळ दिसली ना की परचेसवाला स्वतःच त्याच्या डिझाइनवाल्याला फोन करतो. मी एका पिंपरीच्या युनिटमध्ये हे बसवलं तेव्हा मालक घाबरले होते की कस्टमर जाईल. एक गेला, तो नेहमी शेवटी पैसे अडकवणारा होता. बाकीच्यांनी आपापली ड्रॉइंग बदलून यादीत बसवली.

मग रोबो वेल्डिंग सेल घ्यावा का? आत्ता नाही, आणि कारण सांगतो. रोबोला प्रत्येक साइजला फिक्स्चर (पार्ट जागेवर पकडून ठेवायचा सांगाडा) लागतं आणि प्रोग्राम लागतो. आज तुमच्याकडे सहा-सात पीसचे लॉट आहेत, रोबो दिवसातला मोठा वेळ फिक्स्चर बदलण्यात घालवेल आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालू. पण वर सांगितलं तसं बॉडी वेगळी काढलीत, आठ-दहा साइजच्या बॉडी मोठ्या लॉटमध्ये बनायला लागल्या, तर त्या बॉडीसाठी रोबो खरंच परवडू शकतो, कारण तिथे तुम्ही परत मास प्रॉडक्शनच करताय. मुलाला हे असं समजावून सांगा, त्याची कल्पना चुकीची नाही, फक्त नंबर दुसरा आहे. आणि त्यालाच काम द्या, पुढचे तीन महिने लेझर, प्रेस ब्रेक, वेल्डिंग आणि कोटिंग ह्या चार ठिकाणी शेवटचा चांगला पीस ते पुढच्या प्रकाराचा पहिला चांगला पीस ह्यातली मिनिटं रोज लिहायची. ऑपरेटरला आधी सांगा की हे त्यांची चूक पकडायला नाहीये, नाहीतर आकडे खोटे येतील. कोटिंगचा आकडा हातात आला की मला कळवा, तो बघून बाहेर जॉब वर्क द्यायचं की दुसरा छोटा बूथ टाकायचा ते सांगतो. छोटा बूथ आणि जुन्या प्रेस ब्रेकला क्विक क्लॅम्प, एवढं मिळून सुद्धा रोबो सेलपेक्षा खूप कमी पैशात बसतं.